कपाचा तळ

मुलाण्यांच्या अझरच्या डोळ्यात ग्राइंडरची कपची गेली.
रहिमतपूरच्या त्या शेडमध्ये मी पोचलो
तेव्हा जो तो आपापला उपाय घेऊन उभा.
कुणाचा ओला रुमाल, कुणी फुंकर घालायला वाकलेला,
आणि आईच्या हातात वाटी. शेळीचं दूध, ताजं.

म्हटलं, कुणी हात लावायचा नाही.
आवाज फौजेतला निघाला.
पेन्शनला सतरा वर्षं झाली
तरी तो घशात कुठंतरी इस्त्री करून ठेवलेला असतो.

चहाचा कागदी कप मागितला. कोरा, उष्टा नको.
तळाकडून दोन बोटं ठेवून कापला.
कड कपाळाच्या हाडावर, गालाच्या हाडावर टेकवली,
वरून चिकटपट्टी.
आत डोळ्याला काहीच शिवत नव्हतं.
औषध म्हणाल तर तेवढंच, मधली ती पोकळी.
दुसरा डोळा उघडा ठेवला.
माणसाला चालायचं असतं.

ॲम्ब्युलन्सला दीड तास म्हणाले.
उसाच्या ट्रॉल्या कोरेगावपर्यंत अडकलेल्या.
दीड तास!
मला हसू आलं,
आणि त्या हसण्याची लाज वाटली.

सर्जेराव भोइटेसाठी हेलिकॉप्टर
एकतिसाव्या तासाला उतरलं होतं.
त्याआधी दोनदा धुक्यावर घरघरून परत गेलेलं.
त्याची बाहुली गोल राहिली नव्हती,
थेंबासारखी एका बाजूला ओघळलेली,
आणि तिथंच खडकाची चीप, टॉर्चमध्ये चमकणारी.
काढता आली असती.
चिमटा माझ्या खिशात होता, तो खिशातच ठेवला.
त्या रात्री मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच.

दूध पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून वाटी केली,
कडांना चिकटपट्टी गुंडाळली.
गोळी, घोटभर पाणी. उलटी होऊ नये म्हणून सुई.
डोक्याखाली माझा पिट्टू.
खोकू नको, कुंथू नको, रडू नको.
"रडू बी नको? मग करू तरी काय?"

त्याच्या खिशात घरचं पत्र होतं, न फोडलेलं.
टॉर्चवर पंजा आडवा धरून मी वाचायला लागलो.
म्हैस व्याली, रेडकू झालं.
धाकटी पंधरापर्यंत पाढे म्हणते.
विहिरीवरची मोटर जळाली, भाऊजींनी बांधून आणली.
अण्णा मंगळवारी गेले, तुमचं नाव घेत होते.

ही ओळ मी वाचली नाही.
पापण्या घट्ट मिटून तो रडला असता
तर आतलं सगळं बाहेर आलं असतं.
मी खालच्या ओळीवर उतरलो.
तब्येतीला जपा.

डोळा राहिला. म्हणजे जागेवर राहिला.
उजेड कळतो त्याला, माणूस कळत नाही.

सहा वर्षांनी, वाठारजवळ त्याच्या अंगणात
भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता
मी ती ओळ सांगून टाकली.
त्याचे हात थांबले नाहीत.
"कळलं हुतं," म्हणाला.
"म्हैस, पाढं, मोटर, समदं एका दमात वाचलंस.
आन् तिथं श्वास घेतलास."
बऱ्याच शेंगा झाल्या.
मग म्हणाला, "रडू नको म्हनला हुतास. मानलं."

चाचा, अझरनं विचारलं, डोळा ऱ्हाईल ना?
मी श्वास घेतला.
पोरगं गप्प झालं.

गाडी आली. ड्रायव्हरला म्हटलं, खड्डे चुकव.
तो म्हणाला, काका, आधी रस्ता दाखवा.
अझरला पाठ टेकवून, डोकं उंच ठेवून झोपवलं.
त्याची आई चढताना थबकली,
वाटी कुठं ठेवावी ते तिला सुचेना.
माझ्या हातात दिली.

दूध कधीच गार झालं होतं.
शेडमध्ये कुणीतरी ग्राइंडर पुन्हा चालू केला.
मी ते उभ्याउभ्याच प्यालो.